अपोलोनियाचा रंग

ऑब्रे लार्टर हा इंग्लंडातल्या आमच्या सॅल्टरशॅम गावचा दातांचा डॉक्टर. खाजगी नव्हे, शाळांचा. त्यामुळे तीस वर्षं गावातलं एकही पोर त्याच्या तावडीतून सुटलं नाही. मी अकरा वर्षांचा असताना त्याने माझी धडधाकट दाढ उपटली आणि किडकी जागच्या जागी ठेवली. आई जाब विचारायला गेली तर म्हणाला, "ती पण किडणारच होती, बाई." चूक कबूल करणं हे त्याच्या रक्तातच नव्हतं, असं मी तेव्हापासून धरून चाललो.

असल्या माणसाने म्हातारपणी गुलाब लावावेत, नाहीतर नदीवर जाऊन गळ टाकून बसावं. याला जुन्या वस्तूंचं खूळ लागलं. जुन्या म्हणजे आजोबांच्या घड्याळाएवढ्या नव्हेत, चार-पाचशे वर्षांपूर्वीच्या. मठातल्या महंताच्या शिक्क्याचे ठसे, यात्रेकरूंचे शिशाचे बिल्ले, चर्चच्या बाकाची मोडकी टोकं, नाक उडालेले संत. हौसेला मोल नाही म्हणतात, पण आमच्या लिलावघरात प्रत्येक हौसेला मोल असतं. तिथे मी सव्वीस वर्षं यादी लिहितो. आलेला नग हातात घ्यायचा, तो काय आहे, कुठला, कधीचा, कुठे तुटलाय हे दोन ओळींत लिहायचं, खाली आद्याक्षरं टाकायची आणि पुढचा उचलायचा.

जमवणाऱ्या लोकांबद्दल मला कधीच आदर वाटला नाही. बुधवारी माल बघायला ठेवतात, गुरुवारी हातोडा पडतो. बुधवारी या मंडळींची नाटकं बघावीत. जे हवं असतं त्याच्याकडे ढुंकूनही बघायचं नाही, हा त्यांचा धर्म. बघितलं तर दुसऱ्याला वास लागतो आणि भाव चढतो. म्हणून ज्या खुर्चीवर जीव जडलाय तिच्यावर कोट टाकतात आणि शेजारच्या भंगार तांब्याचं तोंड भरून कौतुक करतात. लार्टर यात सगळ्यांच्या वरताण. तो हव्या त्या वस्तूकडे चक्क पाठ करून उभा राही आणि दात बघायच्या छोट्या आरशातून खांद्यावरून ती न्याहाळी. आमचे हमालसुद्धा मग मोठ्याने म्हणत, "आज लार्टरची पाठ बघा रे कुठे आहे! तिथेच बोली लावायची!" त्याला ऐकू जात असे. तरी पुढच्या बुधवारी आरसा घेऊन हजर.

घर म्हणाल तर बैठं, तीन खोल्यांचं. त्याची बायको डोरीन हिला पाव ठेवायला ओट्यावर जागा नव्हती. एकदा मी सामान पोचवायला गेलो तर म्हणाली, "मिस्टर पेग, आमच्या पलंगाखाली लाकडी बिशप आहे. तुम्हाला येते का हो झोप, बिशप खाली असताना?" मग नवऱ्याकडे बघून, "तू आधी गेलास ना ऑब्रे, तर पुढच्याच रविवारी बाजारात गाडीची डिकी उघडून हे सगळं विकीन मी. बिशप एक पौंड, दोन घेतले तर दीड."

तो हसला नाही. त्याची खरी भीती तीच होती. मूलबाळ नाही, दात उपटलेली पोरं नाव निघालं की जबड्याला हात लावतात, आणि मेल्यावर वीस वर्षांची जमवाजमव रविवारच्या बाजारात ओल्या गवतावर. म्हणून त्याने एकच ध्यास घेतला होता. गावच्या म्युझियमने त्याच्या वस्तू ठेवून घ्याव्यात, काचेच्या कपाटात मांडाव्यात, आणि खाली पाटी असावी: ऑब्रे लार्टर यांची देणगी. मला त्याने हे तीन वेळा सांगितलं, तिन्ही वेळा पाटीची लांबी-रुंदी हाताने दाखवून. मी तिन्ही वेळा घरी जाऊन बायकोला नक्कल करून दाखवली.

एकोणीसशे नव्वदच्या ऑक्टोबरात एका पडीक शेतघरातून आमच्याकडे माल आला. त्यात दीड हात उंचीची एक ओकची बाई होती, काजळीने काळी झालेली. हातात पक्कड, पकडीत दात. म्हणजे अपोलोनिया, दात दुखला की जिचा धावा करतात ती संत. छळणाऱ्यांनी हिचे दात उपटले होते म्हणून. अंगावर काळपट रंगाचे पोपडे. शुक्रवारची दुपार होती, तीनशे चाळीस नग लिहायचे राहिले होते, आणि माझा डुकराच्या मांसाचा पॅटिस कागदात गार होत होता. मी लिहिलं: "संत अपोलोनिया, ओक, सुमारे १४८०. रंग नंतरचा." आणि खाली सही ठोकली. रंग नंतरचा, कारण बहुतेक वेळा तो नंतरचाच असतो.

गुरुवारी लार्टरने ती घेतली. दोन व्यापारी त्याला चढवत चढवत साडेआठशे पौंडांपर्यंत घेऊन गेले आणि मग कोट चढवून चहाला निघून गेले. दात उपटणाऱ्याला दात उपटलेली मिळाली, म्हणून सगळा हॉल खिदळला. मीही हसलो.

तो हिवाळा त्याने तिला खरवडण्यात घालवला. या लोकांना ओक कसा हवा, तर उघडा, तपकिरी, मेण लावून चकाकणारा. रंग नंतरचा म्हणजे कुण्या अडाण्याने फासलेला, म्हणजे काढायचाच. तो त्याने दातांवरचं किटण काढायच्या हत्यारांनी काढला. मार्चमध्ये मला बोलावून दाखवली तेव्हा ती नव्या टेबलाच्या पायासारखी दिसत होती.

"कशी?" तो म्हणाला.

"छान," मी म्हणालो. मला तिथे जास्त वेळ बसायचं नव्हतं.

मे महिन्यात म्युझियमच्या हिल्डा मॅरियट त्याच्या वस्तू बघायला आल्या. कुठली वस्तू कधी घेतली याची खातरजमा करायला लिलावघराचा माणूस हवा होता, म्हणून मीही गेलो. लार्टर टाय लावून बसला होता. डोरीनने रुबार्बचा केक केला होता आणि पलंगाखालचा बिशप बाहेर काढून पुसला होता. प्रत्येक वस्तूची फाईल तयार, फाईलला आमच्या यादीचं पान टाचलेलं.

मॅरियटबाई हातमोजे घालून एकेक वस्तू उचलत होत्या आणि त्यांचा चेहरा उतरत होता. पितळेचा ठसा, घासून लख्ख. बिल्ले, आम्लात बुडवून पांढरे. "हे सगळं तुम्हीच साफ केलंत?"

"स्वतःच्या हाताने," लार्टर छाती काढून म्हणाला. "डाग म्हणून ठेवला नाही."

"हो. नाहीच ठेवलात."

मग त्यांनी अपोलोनिया उचलली. खिडकीपाशी नेली. विजेरी काढून तिच्या कानामागे, पकडीच्या खाचेत उजेड टाकला. "इथे खाचेत तांबडा राहिलाय," त्या म्हणाल्या. "खाली खडूचा थर, वर शेंदूर, त्याच्यावर सोन्याचा वर्ख. मिस्टर लार्टर, हा रंग मूर्तीबरोबरचाच होता. सगळ्या इंग्लंडात असा रंग टिकलेल्या बोटावर मोजण्याइतक्या मूर्ती असतील."

डोरीन केक कापायची थांबली.

"हा रंग नंतरचा आहे असं कुणी सांगितलं तुम्हाला?" मॅरियटबाईंनी विचारलं.

माझ्या हातात चहाचा कप होता. मी घोट घेतला. लार्टरने अपोलोनियाची फाईल टेबलावरून उचलली, मांडीवर ठेवली आणि तिच्यावर हात ठेवून बसला.

"कुणी नाही. मलाच वाटलं."

मी तोंड उघडू शकलो असतो. कप खाली ठेवून एक वाक्य बोलायचं होतं. मी दुसरा घोट घेतला, कारण इतक्या वर्षांची नोकरी होती आणि म्हातारा स्वतःहून मान पुढे करत होता.

डोरीन म्हणाली, "अरे, त्या बाटल्यांचं सांग ना त्यांना." आणि आतून ट्रे घेऊन आली. औषधाच्या गोळ्यांच्या जुन्या बाटल्या, एकोणतीस. जे खरवडलं ते त्याने टाकलं नव्हतं. प्रत्येक बाटलीवर तारीख आणि जागा: डावा गाल, कपाळ, ओढणीचा काठ, उजवी बाही. कुणाच्या तोंडातली कुठली दाढ हे लिहून ठेवायची सवय. आत चिमूटचिमूट भुगा, तांबडा, हिरवा आणि मधूनच चमकणारा.

मॅरियटबाईंनी ट्रे दोन्ही हातांनी घेतला. "हे मी नेते. आणि मूर्ती. बाकीचं…" त्यांनी बिशपकडे बघितलं. "बाकीचं तुमच्याकडेच शोभतं."

पुढच्या वर्षी म्युझियममध्ये पाटी लागली. काचेच्या कपाटात मधोमध उघडी अपोलोनिया, तिच्यासमोर एकोणतीस बाटल्या, आणि पाटीवर: "संत अपोलोनिया, ओक, सुमारे १४८०. मूळ रंग १९९१ साली मालकाने खरवडून काढला. जुन्या वस्तूचं काय करू नये याचा हा नमुना. ऑब्रे लार्टर यांची देणगी."

गावभर हसं झालं. आमच्या हमालांनी तर पाटी पाठच केली. मला वाटलं, आता हा तोंड दाखवायचा नाही. पण डोरीनने सांगितलं, तो दर मंगळवारी तिथे जातो, टाय लावून. म्हटलं, बघा! गाढवपणाची पाटी लागली तरी नाव आहे ना त्यावर, झालं! हे चार जणांना सांगून झाल्यावर एका मंगळवारी मीही गेलो. हसायलाच गेलो होतो.

कपाटाच्या बाजूला खुर्ची होती, तिच्यावर तो बसला होता. एक जोडपं पाटी वाचत होतं. बाई म्हणाली, "काय मूर्ख माणूस असेल!" तो जागचा हलला नाही. ती गेल्यावर मी जवळ गेलो, आणि ज्यासाठी आलो नव्हतो तेच तोंडातून निघालं.

"मिस्टर लार्टर, ते दोन शब्द माझे होते."

"माहीत आहे मला, पेग. खाली तुझी आद्याक्षरं असतात."

"मग सांगितलं का नाही तुम्ही?"

मला काय हवं होतं ते मी जाणून होतो. त्याने शिव्या द्याव्यात, नाहीतर माफ करावं, म्हणजे मी मोकळा.

"किती वेळ बघितलीस रे तू तिला?" त्याने विचारलं.

"पाचेक मिनिटं असतील."

"मी चार महिने बघितली. रोज सकाळी नऊ ते एक, भिंग लावून. ओढणीच्या काठाला सोनं होतं, पेग. गाल गुलाबी होते. काजळी निघाली की दिसायचे, दोन-दोन दिवस दिसायचे. माझा हात थांबायचा. मग मी तुझं पान उघडायचो, वाचायचो, आणि पुन्हा खरवडायचो." त्याने पाटीकडे बोट केलं. "मला दिसत होतं आणि तरी मी केलं, म्हणून इथे माझं नाव आहे. तुला तर काही दिसलंच नव्हतं. तुझं नाव कशाला लिहायचं?"

तो रागाने बोलला असता तर मला बरं वाटलं असतं. पण तो साधं उत्तर देत होता.

मी कपाटातल्या त्या टेबलाच्या पायाकडे बघितलं. ती कशी दिसायची हे आता जगात फक्त या एका म्हाताऱ्याला माहीत आहे. मी तिला दोन्ही हातांनी धरलं होतं, आणि तिच्या तोंडाकडे मी बघितलंही नव्हतं.