नाडी मागत फिरलेली आत्या

चढ संपला तरी आत्या थांबेना. उपासना सुटल्यापासून दोघींची दारोदार वणवण चालली होती आणि भाचीच्या हातातली पिशवी अजून अर्धीही भरली नव्हती. पिशवीत होत्या नुसत्या नाड्या. पांढऱ्या, रंगीत, काही गाठी मारून जोडलेल्या.

समुद्रापलीकडच्या एका देशात मोठा भूकंप झाला होता. माणसं कडाक्याच्या थंडीत तंबूत दिवस काढत होती. तिथल्या चर्चने उबदार कपडे मागवले, इथल्या पाळकसाहेबांनी आवाहन केलं, आणि मंडळींनी हात आखडला नाही. सभागृहात जाड लेंग्यांचा डोंगर उभा राहिला. फक्त देता देता जवळजवळ प्रत्येकाने लेंग्याची नाडी तेवढी ओढून घरी ठेवली होती. नाडी काय, कशालाही उपयोगी पडते!

आत्याचा उभा जन्म दवाखान्याच्या धुलाईखान्यात गेलेला. लेंगा हातात आला की तिचं बोट आधी नेफ्यात जायचं. आज ते रिकामंच फिरलं. दुसऱ्यात, तिसऱ्यातही तेच.

"हे असंच पाठवायचं?"

"आत्याबाई, संध्याकाळी ट्रक बंदरावर निघतोय," पाळकसाहेब म्हणाले. "आज रविवार, दुकानं बंद. तिथे कुणी दोरी-बिरी घालेल की."

"घर पडलेल्या माणसाने दोरी शोधत फिरायचं?"

एवढं बोलून तिने चर्चचं मासिक पत्रक लिहिणाऱ्या भाचीला हाताला धरून बाहेर काढलं होतं.

चढावरच्या पहिल्या घरात डॉक्टर राहायचे.

"डॉक्टर, नाडी बघायला आलेय."

"या, बसा. काय होतंय तुम्हाला?"

"मला काही नाही. तुमच्या लेंग्याला होतंय."

डॉक्टर खो खो हसले आणि बायकोच्या कपाटातून पाच-सहा नाड्या घेऊन आले. पण शेजारच्या वहिनी दारातच आडव्या उभ्या राहिल्या. "दिलं ते दिलं, आता वर नाडीही द्यायची? धर्माच्या गाईचे दात बघू नयेत म्हणतात!"

"दात राहू द्या हो वहिनी, दावं तरी द्या!"

वहिनींना हसू आवरेना. नाडी मिळाली, वर एक जुना पट्टाही.

कोपऱ्यावर भाचीने कट्ट्यावर बसकण मारली. "आत्या, पुरे की आता. लोक नावं ठेवतील."

आत्याही टेकली. "लहान असताना आमचं घर पुरात गेलं, ते तुला माहीत आहे. पुढचं नाही माहीत. मला मदतीचा परकर मिळाला. चांगला होता, फुलाफुलांचा. नाडी नव्हती. जेवणाच्या रांगेत एका हाताने परकर धरून उभी राहिले. ताटली जड. दुसरा हात लावला आणि परकर पायाशी. सगळी रांग हसली. वाढणाराही हसला. माणूस चांगला होता गं, पण हसला."

भाची उठली आणि पुढच्या घराची कडी तिनेच वाजवली.

दोघी पिशवी घेऊन परतल्या, तशा सभागृहात बायका सेफ्टी पिना घेऊन बसल्या. पाळकसाहेबांनी कोट काढला आणि तेही ओवायला लागले. त्यांची पिन नेफ्यात निम्म्यावर हरवायची आणि बायका तोंडाला पदर लावायच्या. बाहेर ट्रकवाल्याने हॉर्न वाजवला.

"बाई, मला उशीर होतोय!"

"मग ये आत आणि ओव. नाहीतर तुझीच नाडी काढून दे आणि जा!"

तो निमूट येऊन बसला. हात मात्र त्याचा सर्वांत चलाख निघाला.

तरी थोडे लेंगे नाडीवाचून राहिलेच. "जागा आहे, टाकू का?" ट्रकवाल्याने विचारलं. आत्याने ते गाठोडं छातीशी धरलं. "हे सोमवारी दुकानं उघडली की पुढच्या गाडीने. तसे नाही जाणार." पाळकसाहेबांनी मान डोलावली. सगळ्यांनी उभ्यानेच प्रार्थना केली आणि ट्रक गेला.

"आत्याबाईंच्या करुणेवर या महिन्याच्या पत्रकात लिहाच," पाळकसाहेब भाचीला म्हणाले.

ते आत गेल्यावर आत्याने तिला जवळ ओढलं.

"लिही बाई, खुशाल लिही. पण करुणा-बिरुणा नको घालूस. आत्याला राग आला होता, असं लिही."