लाल फडक्याखालचं पेडल

म्हादूला जाऊन आज वर्ष झालं, पण आमच्या घरातलं भांडण काही मेलं नाही.

बास वाजवणाऱ्याला पेडल लागतं की नाही?

सकाळी वर्षश्राद्धाचं पान वाढत होते, तर पोरांचं तेच चालू. कावळासुद्धा कंटाळून उडाला असेल.

म्हणून नातीला म्हटलं, घे गं तो मोबाईल, मी सांगते तसं सगळ्या पोरांना लिहून टाक. मला अक्षर येत नाही, पण हे भांडण तोंडपाठ आहे.

म्हादू माझा धाकटा दीर. मी लग्न करून आले तेव्हा नाक पुसत फिरायचा. मोठा झाला आणि हळदीच्या बँजो ग्रुपमध्ये बास गिटार वाजवायला लागला. जाड तारांची ती.

बँजो सगळ्यांना ऐकू येतो. बास कुणाच्या लक्षातही येत नाही. फक्त तो थांबला की नाचणाऱ्यांचे पाय चुकतात.

माझा नातू सुजल त्याच्याकडेच शिकला. हा अलिबागकडे रिसॉर्टमध्ये गिग करतो, म्हणजे पाहुण्यांपुढे वाजवतो. पायाशी पेडलांचं, म्हणजे पायाने दाबायच्या डब्यांचं, दुकानच मांडतो. एक दाबलं की आवाज गुरगुरतो, दुसरं दाबलं की पाण्यात बुडाल्यासारखा येतो.

म्हादू त्याला सोडायचा नाही.

"बासवाल्यानं लोकांचे पाय हलवायचे रं. तू सोताचेच हलवत बसतोस."

"आजोबा, लाइव्हला इफेक्ट लागतात."

"पेडल मारायची हौस हाय तर सायकल घे की!"

मी म्हणायची, दोघं आधी जेवा, मग काय मारायचं ते मारा.

मग म्हादूला लकव्याचा झटका आला.

डॉक्टर म्हणाले, हलका आहे. डॉक्टरला कुठे बास वाजवायचा होता? उजव्या हाताची बोटं सैल पडली. एक सूर मोठा, एक बारीक, एक गायबच.

ग्रुपवाले भली माणसं. पण शेवटी म्हणालेच, "काका, आता आराम करा. सुजलला पाठवा."

आराम. त्या एका शब्दाने म्हादू ताटावरून उठला.

सुजलने एक पेडल आणून त्याच्या गिटारीपाशी ठेवलं. कॉम्प्रेसर म्हणतात त्याला. मी म्हटलं, फ्रीजचा? तर म्हणे तो नव्हे. बोट हळू पडलं की हा आवाज वर उचलतो, जोरात पडलं की खाली दाबतो. पायली भरल्यावर वरून हात फिरवून भात सारखा करतो ना आपण, तसं.

म्हादूने घेतलं. पण अट घातली, ग्रुपमध्ये कुणाला दिसता कामा नये. जन्मभर पेडलवाल्यांची टर उडवलेली. आता काय तोंड दाखवणार?

"वैनी, एखादं फडकं दे."

मी दिलं. लालच मिळालं.

त्यानंतरची पहिलीच हळद आमच्या नात्यातली, दिघीच्या बाजूला. आगरदांड्यावरून फेरीबोटीने गेलो. म्हादू नेमका मांडवाच्या मेढीशी, त्या पुजायच्या खांबाशी बसला. पायाशी ते लाल फडकं, आणि आतून बारीक लाल दिवा लुकलुकतोय.

नवरदेवाची आत्या हळदीचं ताट घेऊन फिरत होती. जात्याला लावली, उखळाला लावली, मुसळाला लावली, मेढीला लावली. मग तिला ते फडकं दिसलं.

तिला वाटलं, ग्रुपवाल्यांनी आपला देव आणलाय.

हळद वाहिली, कुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या, वर नारळ टेकवला आणि पाया पडली. एक बाई पाया पडली की मागे रांग लागतेच. त्या रांगेकडे म्हादू असा बघत होता की मला पदर तोंडात कोंबावा लागला.

पण त्या नारळाने खालचं बटण दाबलं जाऊन पेडल बंद पडलं. दिवा विझला.

पुढचं गाणं सुरू झालं आणि म्हादूच्या बासचा आवाज ढासळला. मोठा, बारीक, गायब. नाचणारे अडखळले. ग्रुपवाले एकमेकांकडे बघायला लागले. मला कळलं, हे गाणं संपलं की याची जागा गेली.

म्हादूने नारळ बाजूला केला आणि पाय उचलला.

"अरं ए म्हाताऱ्या!" आत्या ओरडली. "देवावर पाय देतोस?"

बँजो थांबला. सगळा मांडव म्हादूकडे बघतोय. म्हादू माझ्याकडे बघतोय.

त्याने पाय खाली घेतला.

"आत्या, तो देव न्हाय. ती माझी काठी हाय." मग ग्रुपकडे वळून म्हणाला, "बोटं गेलीत माझी. ह्याच्याबिगर मला वाजवता येत न्हाय."

कुणी हसलं नाही. मला वाटलं होतं, हसतील.

आत्याने पदर खोचला. "तुझे हात ज्याच्या जिवावर चालतात, तो न्हाय तर देव कोन? पाय नको लावू. सरक."

वाकली आणि हाताने बटण दाबलं.

नंतर हळद संपेपर्यंत ती बाई म्हादूच्या पायाशीच बसून राहिली. दिवा विझला तर म्हणून. नाचायला उठवलं तरी उठली नाही.

पुढे कुणी आराम म्हणालं नाही. फडकं घरीच राहिलं आणि म्हादू उघड्यावर पेडल ठेवून वाजवायला लागला.

आता पोरांनो, ऐका. सुजलला पेडल हौसेला लागतात. म्हादूला लागलं म्हणजे लागलंच. यात भांडण्यासारखं काय आहे, मला कळत नाही. मी दमले तुमचं ऐकून.

शेवटी म्हादूची बोटं उठेचनात. बारीक आवाज मोठा करता येतो, न वाजलेला कुठून आणणार?

आमच्याच आळीतल्या हळदीला ग्रुपवाल्यांनी त्याची खुर्ची त्याच्या जागी मांडली. त्याला बसवलं. सुजलने उभं राहून मागे वाजवलं. म्हादू नुसता बसला होता, पण गाणं संपलं की ग्रुपवाले आधी त्याच्याकडे बघत. त्याने मान हलवली की पुढचं गाणं.

माझ्याहून धाकटी माणसं पुढे जायला लागली की जीव शिणतो रे.

म्हादू, तुझी जागा कुणी काढून घेतली नाही. तू उठून गेलास.

जा बाबा, सुखाने जा. तुझ्या वैनीचा नमस्कार. धाकट्याला करू नये म्हणतात, तरी घे.