शेवटचं एक मिनिट

वॉशिंग मशीनवर गेली दहा मिनिटं 'एक मिनिट बाकी' असंच दिसतंय. रिकामी बादली घेऊन मी समोर उभी. ड्रम दोन गिरक्या घेतो, थांबतो, उलटा फिरतो. कपडे एका बाजूला गोळा झाले की हे असं वजन जुळवत बसतं म्हणे. दार कुलूपबंद, त्यामुळे हात घालून चादर मोकळी करायचीही सोय नाही.

जुनं मशीन कपडे पिळताना थडथडत बाथरूमभर चालायचं. आई त्याला दोन्ही हातांनी दाबून धरायची. त्याला माणूस लागायचं.

आत्ताही ती आली आणि सवयीने मशीनवर तळवे टेकवून उभी राहिली.

"आई, याला धरावं नाही लागत!" मी खेकसले.

"माहितीये गं," म्हणत तिने हात काढले, आणि कुठे ठेवावेत ते न कळून पदराला पुसले.

हात कोरडेच होते.