भिंतीवर टांगलेलं जुनं नागपूर

माहा लहान भाऊ नत्थू फोटोले फ्रेमी लावते. नागपुरात असे लय आहेत, पन त्याच्यासारखा कोपरा जुळवून दाखवा, मी मिशी उतरवतो. मी सातवीच शिकलो, पन त्याच्या हातात पयली करवत मीच देल्ली.

दिवसभर तो लोकायचे देव अन् लोकायचे गेलेले बाप काचेत बसवे. चौऱ्याहत्तर साली सिव्हिल लाइन्सच्या एका बंगल्यातून रद्दी निघाली, तिच्यातून यानं तीन चित्रं आनले. शंभर वर्साआधीचं नागपूर! सीताबर्डीची टेकडी, जुम्मा तलाव, देवळायचे कळस, सारं केसासारख्या रेघायनं छापलेलं. पाहून माही बोलती बंद झाली. माही! मंग समजा.

नत्थूनं सागवानी फ्रेमी करून ते आमच्या नंदनवनच्या नव्या घरात टांगले. खिळे मी ठोकले, अजून हालले नाहीत.

शेजारच्या वामनरावनं दारातूनच टोपी काढली. "कोन गेलं गा?"

"कोनी नाही गेलं. शहर आहे ते."

"शहर? मंग हार कोनाले घालता?"

आई हासली नाही. "भिंतीवर एक त देव राह्यते, नाही त गेलेला मानूस. तुमच्या बापाचा एक फोटो नाही आपल्याजोळ, अन् त्याच्या जागेवर तलाव? काढ, नत्थू."

बाप आमचा कुहीहून धानाची बैलगाडी घेऊन नागपूरले ये. त्याचा फोटो काढाचं कोनाले सुचलंच नाही.

नत्थूचं तोंड एवढंसं झालं. स्टुलावर चढला, तलावाचं चित्र काढून आईच्या हातात देल्लं. तिनं पदरानं काच पुसली, दाराच्या उजेडात धरली, अन् थांबली.

तलावाकाठच्या रस्त्यानं एक बैलगाडी. वर पोते. गाडीवाला तांदळाच्या दान्याएवढा, पन उभा.

"रामा, हे पाह्य गा. तुहा बाप असाच उभा राहे. नागपूर दिसलं का बसेच नाही."

"आई, बाबाच्या जलमाआधीचं चित्र आहे ते."

"मले समजते. तू चूप बस." मंग नत्थूले म्हने, "टांग."

देवाजवळचं गंध आनून तिनं काचेवर लावलं. टिक्याखाली गाडी, बैल, सारं झाकून गेलं.

अख्ख्या नागपुरात कोनाच्या बापाले एवढी मोठी फ्रेम नसन. अन् काचेले बोट लागलं त गिऱ्हाइकावर खेकसनारा माहा भाऊ, त्या काचेले अजून फडकं लावत नाही.