हळू आवाजाची काडतुसं

पितळेची समई चिंचेने घासताना तो आंबट वास आला, की मला कॅनडात विनिपेगबाहेरच्या आमच्या म्हाताऱ्या शेजाऱ्याचं बेसमेंट आठवतं. तिथे एका हिवाळ्यात तो घासलेल्या पितळी नळकांड्यांत बंदुकीची दारू तोलून भरत, रायफलची काडतुसं हाताने बनवत बसला होता. त्याचा कुत्रा कॅन्सरने विव्हळत होता, रस्ते बर्फाने बंद, जनावरांचा डॉक्टर येणं शक्य नव्हतं. अंथरुणाला खिळलेल्या बायकोला बार ऐकू जाऊ नये, म्हणून तो आवाजाच्या वेगापेक्षा हळू जाणारी गोळी भरत होता. "आवाज कमी म्हणजे लागतंही कमीच ना?" मी माझ्या मोडक्या इंग्रजीत विचारलं. पन्नाशीची बाई, पण अक्कल बहुतेक रुखवतातच राहिली होती. "जवळून पुरेसं लागतं," तो मान वर न करता म्हणाला. "तुम्ही फक्त तिच्याशी बोलत राहा." बोलण्यात मी कुणाला हार जाणार? तो कुत्र्याला उचलून कोठाराआड गेला आणि मी तिच्या उशाशी बसून सुरू झाले. सुनेच्या करपलेल्या पोळ्या, ग्रोसरीतली कडू मेथी, विंटर टायर्स, तोंडाला येईल ते. मधेच बाहेर कुणी जाड पुस्तक मिटावं तेवढाच आवाज झाला. मी घाईघाईने मेथीवरून मुळ्यावर गेले. तिने माझ्या मनगटावर हात ठेवला. "गेला तो," ती म्हणाली. "आता गप्प बस, मला रडू दे." हल्ली मी आजारी माणसाजवळ मुकाट बसते, तर लोक माझीच तब्येत विचारतात.