विहिरीवरचा पहिला तांब्या

बद्रीनाथ नानांचा दिवस चिडूनच उजाडायचा. घरातली माणसं झोपेतून उठायच्या आधी नाना विहिरीवर गेलेले असत, आणि तिथे त्यांना चिडायला काही ना काही सापडतच असे.

पडेगावात दौलताबाद रस्त्यावरून आत वळलं, की पत्र्याच्या शेडांमागे ही वसाहत लागते. पूर्वी हे सगळं नानांच्या घरचं वावर होतं. ज्वारी व्हायची, बांधाला मोसंबीची झाडं होती. शहर वाढत आलं तसं वावर गुंठ्या-गुंठ्यानं विकलं गेलं. नानांनी जमीन विकली, पण विहीर विकली नाही. त्यांच्या वडिलांनी, आप्पासाहेबांनी, खडक फोडून ती खोदली होती. आता चारी बाजूंनी घरांचा गराडा पडला आणि विहीर मधोमध राहिली. वसाहतीत नळ नव्हता, ड्रेनेजची लाईन नव्हती. टँकर यायचा तेव्हा यायचा. बाकी सगळी तहान विहिरीवर.

म्हणून नानांनी एक रिवाज पाडला होता. सकाळची पहिली बादली ते स्वतः शेंदत. त्यातला स्टीलचा तांब्या भरून जमलेल्या बायकांसमोर उभ्यानं गटागटा पीत, मिशा पुसत आणि म्हणत, "घ्या आता. पाणी चांगलंय." नाना प्याल्याशिवाय कुणी घागर भरत नसे. जुन्या घरांतल्या लहान मुलांना तर वाटे, की नाना पितात म्हणूनच पाणी चांगलं होतं.

पण पाणी चांगलं ठेवायचं म्हणजे माणसांशी भांडायचं. कुणी निर्माल्याची प्लास्टिकची पिशवी गाठ मारून विहिरीत सोडी. नाना ती गळानं काढत आणि पिशवी हातात धरून दारोदार फिरत.

"ही कुणाची?"

"माझी हाय, नाना," शेजारच्या आशाबाई न लाजता सांगत. "देवाला वाहिलेली फुलं उकिरड्यावर कशी टाकू? पाप लागंल."

"आन् लोकांना कुजकं पाणी पाजल्यावर काय लागतंय? पुण्य?"

"तुम्ही लई बोलता, नाना."

"तुम्ही लई टाकता!"

गणपतीच्या दिवसांत तर नाना काठीच घेऊन बसत. मूर्ती विहिरीत बुडवायची आपल्याकडे जुनीच पद्धत. पण रंग आणि प्लास्टर विरघळून पाण्यावर तवंग येतो, हे एकदा पाहिल्यापासून त्यांनी काठाशी मोठी टाकी भरून ठेवली होती. "याच्यात बुडवा. देवाला पोहता येतं, काळजी नका करू." रिक्षा धुणारा दिसला, की ते त्याच्या हातातून पाईप ओढून घेत. तौफिक चिकन सेंटरचा तौफिक दुकान धुऊन पाणी गल्लीत सोडायचा. त्याला तर नाना लांबूनच आवाज देत. पोरांनी नानांचं नाव ठेवलं होतं 'विहिरीचे दारोगा'. नानांना ते माहीत होतं आणि मनातून आवडतही होतं.

यंदा पाऊस संपता संपता गल्लीत कावीळ आली. आधी आशाबाईंच्या घरी, मग तौफिकच्या भावाला. त्यानंतर वहिदाभाभींची सून लुबना आजारी पडली. लुबनाला सातवा महिना लागलेला. गरोदर बाईला कावीळ म्हणजे काय असतं, ते डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं आणि तिला दवाखान्यात ठेवून घेतलं. वहिदाभाभींचा ओढण्या रंगवायचा धंदा. अंगणात दोन पातेली कायम चुलीवर, दोरीवर ओढण्या वाळत घातलेल्या. त्या आठवड्यात चूल पेटली नाही आणि दोरी रिकामी राहिली.

मग आरोग्य खात्याच्या बाई आल्या. बाटलीत पाणी भरून नेलं आणि काही दिवसांनी परत येऊन सांगितलं, "पाण्यात मैल्याचे जंतू आहेत. कुणाचा तरी संडास विहिरीत उतरतोय. हे पाणी कुणी प्यायचं नाही. पुढच्या तपासणीपर्यंत कारण शोधा. नाही सापडलं, तर विहीर बुजवायला सांगावं लागेल."

विहीर बुजवायची! नानांच्या कानांत तेवढंच राहिलं. आप्पासाहेबांनी सुरुंगाच्या धुरात उभं राहून खोदलेली विहीर मुरुमाच्या ट्रॉल्यांनी भरून टाकायची, आणि ती का, तर या लोकांना नीट राहता येत नाही म्हणून.

नाना त्याच दिवशी फिरायला लागले. आशाबाईंना निर्माल्यावरून बोलले, तौफिकला कोंबड्यांवरून. शेवटी वहिदाभाभींच्या दारात उभे राहिले.

"भाभी, तुमच्या रंगाचं पाणी जातं कुठं?"

दवाखान्यातून नुकत्याच आलेल्या वहिदाभाभींच्या हातात अजून डबा होता. तो त्यांनी खाली ठेवला.

"नाना, माझी सून दवाखान्यात आहे. आणि तुम्ही माझ्या दारात येऊन मला विचारता, की मीच तिला आजारी पाडलं का?"

"तसं नाय म्हणलो मी."

"तसंच म्हणलात. माझा रंग विहिरीत उतरत असता, तर तुमच्या तांब्यात रोज गुलाबी शरबत आलं असतं. आलं का कधी?"

वहिदाभाभी तेवढ्यावर थांबल्या नाहीत. "बाईंनी काय सांगितलं? संडास उतरतो. मग संडासात रंग टाका की! विहिरीला लागून चार घरं. आशाबाईचं, तौफिकचं, माझं, तुमचं. चौघांच्या संडासात चार रंग. विहिरीत येईल तो चोर."

"माझ्या घरात कशाला?"

"का? तुमचं घर काय मक्केत आहे?"

तिथे उभा असलेला तौफिक हसला. नानांना नाही म्हणायला जागा उरली नाही. आणि खरं सांगायचं तर त्यांना ही युक्ती पटली होती. चोर एकदाचा सापडणार, आणि तो चोर तौफिकच असणार, याची त्यांना खात्री होती.

संध्याकाळी वहिदाभाभींनी रंगांचे डबे अंगणात मांडले.

"मला लाल नका देऊ," तौफिक म्हणाला. "उद्या लोक म्हणतील कोंबडीचं रक्त आलं."

"मला पिवळा नको बाई," आशाबाई म्हणाल्या. "कावीळ आठवते."

"आता देते तो घ्या. लग्नाची ओढणी नाही रंगवत तुमची." भाभींनी तौफिकला हिरवा दिला, आशाबाईंना लाल, स्वतःला निळा ठेवला. उरला जांभळा. तो कागदात बांधून नानांच्या हातावर ठेवला. "पक्का आहे. हात धुवून घ्या नंतर."

रंग टाकले गेले. मग दोन दिवस पावसाची शेवटची झड लागली.

पाणी प्यायचं नाही असं बाई बजावून गेल्यावरही नाना रोज पहिला तांब्या पीतच होते. सून तनुजा अडवायची. ते म्हणत, "मला काय झालंय? सत्तरी गाठली याच पाण्यावर." तिसऱ्या सकाळी पाऊस उघडला. नानांनी बादली शेंदली, तांब्या बुडवला, तोंडाला लावायला वर उचलला आणि तसाच धरून राहिले. स्टीलच्या पांढऱ्या चकाकीत पाणी फिकट जांभळं दिसत होतं. वांग्याच्या फुलासारखं.

आशाबाईंनी वाकून पाहिलं. त्यांनी तौफिकला हाक मारली, तौफिकनं वहिदाभाभींना. सगळे येऊन तांब्यात पाहू लागले.

"लाल आन् निळा मिसळला की जांभळा होतो," नाना एकदम म्हणाले. "शाळेतल्या पोराला बी ठाऊक असतंय. आशाबाईचा लाल, भाभीचा निळा. दोन्ही घरं गळतायत!"

"या अल्ला!" वहिदाभाभींनी कपाळाला हात लावला.

"माझा संडास गळत नाय," आशाबाई म्हणाल्या. "दर वर्षी टाकी उपसायची गाडी बोलावते मी. सगळ्या गल्लीला वास येतो तेव्हा. तुम्हीच ओरडता त्या गाडीवर."

"आमच्याकडे पण येते गाडी," तौफिक म्हणाला.

तेवढ्यात तनुजा दारात येऊन उभी राहिली. सासऱ्यांसमोर ती फार बोलत नसे. त्या दिवशी बोलली.

"नाना, आपल्याकडं गाडी कधी आली?"

"आपल्याला लागतच नाय गाडी," नाना म्हणाले. त्या आवाजात नेहमीचा थोडा अभिमानही होता. "आपली टाकी भरतच नाय."

आणि हे वाक्य तोंडातून बाहेर पडता पडताच नानांना ते ऐकू आलं.

टाकी भरत नव्हती, कारण टाकी नव्हतीच. चार-पाच वर्षांपूर्वी नानांनी परसात बोअर घेतलं होतं. मशीन दिवसभर धडधडलं आणि खालून नुसती पांढरी भुकटी उडाली. कोरडं बोअर. त्याच सुमारास सांडू मिस्त्री घरातला नवा संडास बांधत होता. एवढं खोल भोक पाडून ते वाया घालवायचं, हे नानांच्या जिवावर आलं. ते सांडूला म्हणाले, "टाकी कशाला बांधतो? पाईप यात सोड. पाणी नाय दिलं, निदान घाण तरी घेऊ दे." सांडूनं पाईप सोडला. जमीन सगळं गिळू लागली, आणि नाना येईल-जाईल त्याला आपली सोय दाखवत राहिले. जमीन गिळते ते कुठे जातं, हा प्रश्न त्यांना कधी पडला नाही. विहिरीच्या काठावर निर्माल्याची एक पिशवी न खपणाऱ्या माणसाला पडला नाही. खडकाच्या भेगा तर तिकडूनही विहिरीकडेच येत होत्या. आप्पासाहेबांना त्याच भेगांतून पाणी लागलं होतं.

नानांनी तांब्या कठड्यावर ठेवला. तो ठेवल्याचा आवाज सगळ्यांना ऐकू गेला.

"म्हणजे," आशाबाई सावकाश म्हणाल्या, "तुम्ही रोज सकाळी—"

"आशाबाई, राहू द्या," वहिदाभाभी म्हणाल्या.

त्याच दिवशी सांडू मिस्त्रीला बोलावलं. पाईप तोडायचा, बोअर वाळू-सिमेंटनं बंद करायचं, खाली-वर नीट बांधलेली टाकी करायची. सांडूनं तंबाखू मळत सगळं ऐकलं.

"करू की. पण नाना, एकट्याचं करून काय होतंय? मागच्या गल्लीत बी मी असेच जोडलेत."

"कसे?"

"तुमच्यासारखेच. कोरडी बोअरं लई पडली त्या साली. लोक म्हणायचे, नानांचं केलं तसंच आमचं कर. नाना एवढे पाण्याचे कडक, त्यांनी केलं म्हणजे बरोबरच असणार."

नानांना सांडूवर ओरडायचं होतं, पण कशावरून ओरडावं ते सापडेना.

रात्री जेवण न करता ते वहिदाभाभींच्या दारात गेले. आत गेले नाहीत, ओट्याजवळ उभे राहिले. शेवटी म्हणाले, "भाभी, रंग पक्का होता तुमचा."

"माझे रंग पक्केच असतात, नाना."

"लुबना कशी हाय?"

"डोळ्यांतला पिवळेपणा कमी झाला म्हणतात. दुवा करा." मग थोड्या वेळानं, "आणि ते मागच्या गल्लीतले पाईप काढा. नुसती दुवा करून घरी बसू नका."

नाना दुसऱ्या दिवसापासून मागच्या गल्लीत जाऊ लागले. आयुष्यात इतकं ऐकून घ्यायची वेळ त्यांच्यावर कधी आली नव्हती. एका घरात म्हणाले, "आधी तुम्हीच केलं ना?" दुसऱ्या घरात, "आमच्याकडं कुणाला कावीळ नाय, आम्ही का काढू?" एकानं तर चहा पाजून, पान देऊन, सगळं ऐकून घेतलं आणि शेवटी विचारलं, "पण नाना, टाकी भरल्यावर काय करायचं?" नाना घरी येऊन तनुजाला म्हणाले, "मी आधी असाच होतो का गं?" तनुजानं पोळी उलटली.

काही पाईप निघाले. काही निघायचे आहेत. लुबना बाळ घेऊन घरी आली. बाळ दिवस भरायच्या आधी आलं, एवढंसं, पण रडतं मोठ्यानं. आरोग्य खात्याच्या बाईंनी विहीर बुजवायचं तूर्त थांबवलं. पाणी धुण्याभांड्याला चालेल, प्यायला नाही. नानांनी स्वतः ब्रश घेऊन कठड्यावर लिहिलं, 'पिऊ नये'. अक्षरं मोठी आली आणि 'नये' कोपऱ्यात दाबून लिहावं लागलं. रंग वहिदाभाभींकडचाच, जांभळा.

पहिली बादली अजूनही नानाच शेंदतात. तांब्या भरतात, उजेडाकडे धरून पाहतात आणि काठच्या लिंबाच्या झाडाबुडाशी ओततात. परवा ते तसेच तांब्या धरून उभे होते. वहिदाभाभींनी दोरीवर ओढणी टाकता टाकता विचारलं, "काय दिसतंय?"

"पाणी दिसतंय. पण दिसण्यावर आता माझा भरवसा नाय."

तेवढ्यात मागच्या गल्लीतून बोअरच्या मशीनची धडधड सुरू झाली. नाना कान देऊन ऐकत राहिले. आशाबाई तिकडूनच येत होत्या.

"काय लागलं का पाणी?" नानांनी विचारलं.

"कुठलं? नुसती भुकटी उडतीय."

नानांनी तांब्या तसाच भरलेला कठड्यावर ठेवला. चप्पल उलटसुलट घातली आणि ते मागच्या गल्लीकडे निघाले. अर्ध्या वाटेवरूनच त्यांचा आवाज विहिरीपर्यंत ऐकू येत होता, "अरं थांबा! त्या भोकात काय बी सोडू नका! आधी मी काय केलं होतं ते ऐका!"