बायनाबाईचं काठोकाठ पाणी

पहिलेच सांगून ठेवते, मी काही ख्रिस्ती नाई. मी सावली गावची, धानाच्या बांधीत वाढलेली. लग्न होऊन या जंगलातल्या गावात आली आणि किराण्याच्या दुकानात बसली ते बसलीच. गावात सगळे मले इंदुताई म्हणतात. माह्या देव्हाऱ्यात माहे देव सुखात आहेत. पण बायनाबाईच्या एका प्रश्नानं माहं डोकं असं खाल्लं, असं खाल्लं, का विचारूच नका!

बायनाबाई म्हणजे आमच्या गावची पाणी भरणारी. नवरा गेल्यावर ती लहान भावाकडे, जंगूकडे, राहाले आली. तिथी पाहते तर काय, जंगूची बायको वारलेली आणि दुर्गा नावाची रांगती पोट्टी घरात. बायनानं तिले कडेवर घेतलं आणि मंग आत्याच तिची माय झाली. दुर्गा थोडी मोठी झाली तवा बायनानं शेजारीच आपली वेगळी झोपडी बांधली, मधात नुसतं कुंपण.

गावात लग्न असो का मयत, नदीच्या झिऱ्याचं पाणी आणावं तर बायनानंच. झिरा म्हणजे काय, उन्हाळ्यात कोरड्या नदीच्या वाळूत खड्डा खोदायचा आणि पाणी पाझरायची वाट पाहायची. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर पाण्याचा मोठा गुंड, गुंडावर लहान गुंडी, आणि ही बाई गप्पा मारत येऊन राह्यली! एक थेंब सांडला तर शपथ. सांडणाऱ्या बायायले ती नावं ठेवायची. मलेही ठेवायची, कारण मी निम्मं पाणी पदरावर आणायची.

तर गावाच्या टोकाले प्रार्थनेची खोली बांधणं सुरू झालं. नव्या भिंतीवर पाणी मारायचं काम बायनाले मिळालं. पास्टर गुलाब दर रविवारी मोटरसायकलवर यायचे आणि अर्ध्या भिंतीच्या सावलीत बसून चार लोकायले गोष्टी सांगायचे. त्या दिवशी त्यायनं लग्नघराची गोष्ट काढली. लग्नात द्राक्षारस सरला, यजमानाची अब्रू जायची वेळ आली, तवा येशूनं नोकरायले सांगतलं, रांजण पाण्यानं भरा.

बायनाची बादली हातातच राह्यली.

"पाणी कोणी भरलं जी?" तिनं भिंतीआडून विचारलं.

"नोकरांनी," पास्टर म्हणाले.

"किती भरलं?"

"काठोकाठ."

"काऊन?"

पास्टर बिचारे गोंधळले. ते म्हणाले, बाई, पुढं ऐका, त्या पाण्याचा द्राक्षारस झाला, तो चमत्कार आहे. ही म्हणे, तो तर देव आहे, त्याले काय कठीण? पण हे पाणी भरणारे तर माणसं होते ना! ते कसे मानले?

कोणी दुखण्यापायी चर्चात जाते, कोणी दुःखापायी. ही बाई रांजणापायी गेली. जवा ती संध्याकाळी माह्या दुकानात आली, तवा नुसती पेटलेली होती.

"इंदुताई, तूच सांग. दारू सरली, लोक बोंबलून राह्यले, आणि एक पाहुणा उठून म्हणते, पाणी भरा. मी असती तर म्हटलं असतं, बाप्पा, डोक्यावर पडला का तू? आणि हे लोक भरतात! सहा रांजण, तेही दगडाचे! विहीर कुठी होती, किती खेपा झाल्या, मान मोडली का नाई, कोणीच लिहून नाई ठेवलं. वरून काठोकाठ! मी जन्मभर पाणी भरलं ताई, चार बोटं खाली ठेवूनच भरलं. काठोकाठ कोणी भरते का?"

"मले साखर तोलू दे," मी म्हटलं. "तुह्या पास्टरले विचार."

"तो रविवारी येते. तुले वाचता येते ना?"

झालं! दुसऱ्या दिवसापासून ती पास्टरनं दिलेलं बायबल पदरात गुंडाळून दुकानात आणाले लागली. तिले अक्षर येत नाई, म्हणून वाचायची मी. मी चिडून वाचायची, गिऱ्हाईक आलं का मधातच सोडायची, पण वाचायची. एके दिवशी ते वाक्य आलं, का पाण्याचा रस कुठून आला हे भोजनाच्या कारभाऱ्याले माहीत नव्हतं, पण ज्यायनं पाणी काढलं होतं त्या नोकरायले माहीत होतं. बायनानं काउंटरवर अशी थाप मारली का गोळ्यायची बरणी हालली.

"पाहा! नवरदेवाले नाई कळलं, कारभाऱ्याले नाई कळलं. आणि पाणी भरणाऱ्यायले कळलं! मी म्हटलंच होतं ही आपल्या लोकायची गोष्ट आहे."

मंग तिचं सुरू झालं. पाणी बदललं ते कवा बदललं? रांजणातच बदललं, का भांड्यात काढल्यावर, का कारभाऱ्याकडे नेता नेता रस्त्यात? त्या नोकरायले देवाचा महिमा दिसला म्हणजे नेमकं काय दिसलं? मी म्हणायची, जा वो बाई, डोकं नको खाऊ. आणि ती गेली का भाकर थापता थापता मीच विचार करायची, खरंच, कवा बदललं असन?

इथपर्यंत हसण्यावारी होतं. घोळ झाला तो पुढं.

जंगूच्या घरची एक जुनी रीत आहे. वर्षातून एकदा वाडवडलांच्या नावानं पाण्याचा गुंड ठेवायचा. तो भरायचा बायनानं, आणि भरताना चार बोटं जागा सोडायची. ती जागा वाडवडलांची. त्यायनं आपल्या हातानं त्यात भर घालावी, घराले काही कमी पडू देऊ नये. बायना प्रार्थनेले जाऊन राह्यली होती तरी जंगूनं तिले अडवलं नव्हतं. त्यानं म्हटलं, तुहा देव तुले, पाणी मात्र तूच भर. आणि या बाईनं काय करावं? गुंड काठोकाठ भरून आणला!

तिच्या मनात आनंद होता, दुसरं काही नव्हतं. चांगल्या घरी पाणी काठोकाठ भरतात, एवढंच तिच्या डोक्यात. पण जंगूच्या घराण्यातला मोठा माणूस चैतूभाऊ तिथी बसून होता. त्यानं गुंडात पाहिलं आणि म्हाताऱ्याचं तोंडच उतरलं.

"म्हणजे आता या घराले आमची गरज नाई," तो म्हणे. "पूर्वजायले जागाच नाई ठेवली पोरीनं."

तो ओरडला असता तर बरं झालं असतं. तो उठून न जेवता निघून गेला. जंगूनं सगळा गुंड अंगणात ओतला आणि बायनाले म्हणे, "बाई, आजपासून माह्या घरच्या पाण्याले हात नको लावू." बायनानं चूक झाली म्हणून सांगतलं, दोनदा सांगतलं, पण जंगू म्हणजे सागाचं लाकूड. वाकत नाई.

मंग दुर्गाचं लग्न ठरलं, चिमूरकडच्या पोट्ट्याशी. पहिले त्यायच्यात लग्न नवरदेवाकडे लागायचं, आता मंडप मुलीच्या दारात पडते. जंगूनं बायनाले निरोप पाठवला, लग्नाले ये, जेव, आशीर्वाद दे, पण पाणी भरायचं नाई. टाकी आहे.

ग्रामपंचायतीची टाकी, उन्हावर चालणारा पंप. मे महिन्यात उन्हाले काय तोटा!

बायना माह्या दुकानात येऊन बसली. मी तिले कधी रडताना नव्हतं पाहिलं. त्या दिवशी पाहिलं.

"पोट्टीले मी न्हाऊ घातलं, ताई. तिच्या मायच्या जागी मी. तिच्या लग्नात मी पाव्हण्यावानी खुर्चीवर बसू? मले दुसरं येते तरी काय?"

मले जंगूचा असा राग आला का सांगता सोय नाई. पण करता काय.

लग्नाच्या आदल्या दिवशी दुपारी पाहते तर बायना माह्या कुंपणापाशी उभी. "इंदुताई, तुह्याकडले मोठे गंज दे, पातेले दे. गुंडही दे. ड्रम असला तर तोही."

"कशाले?"

"पाणी भरतो."

"कोणासाठी? कोण पिणार तुहं पाणी?"

"मले का माहीत! त्या नोकरायले तरी कुठी माहीत होतं?" तिचे डोळे पुन्हा चमकून राह्यले होते. "ताई, मी देवाले विचारलं, मी काय करू. मले काही आवाज-बिवाज नाई आला. पण मनात आलं, त्यायनं काठोकाठ काऊन भरलं हे भरून पाहिल्याशिवाय कसं कळन?"

मी म्हटलं, बाई बिघडली. तरी गंज दिले. आणि दिले तर दिले, गुंड घेऊन मीही तिच्या मागं नदीवर गेली. एकटी बाई किती खेपा करन? ऊन असं का वाळूत पाय ठेववत नव्हता. आभाळात ढगाचा तुकडा नाई. तिकडे जंगूची टाकी भरून वाहून राह्यली होती, आणि इकडे आम्ही दोघी येड्यावानी झिऱ्यातलं पाणी वाटीवाटीनं गुंडात भरून राह्यलो. दिवस मावळेपर्यंत बायनाच्या अंगणात जेवढी भांडी होती तेवढी भरली. प्रत्येक भांड्यावर ती वरून एक वाटी ओतायची, पाणी काठाले टेकेपर्यंत. माह्या खांद्याची तर वाट लागली.

लग्नाच्या दिवशी उजाडलं ते ढगाळ आभाळ घेऊनच. सूर्याचा पत्ता नाई. पंप हू का चू करे ना. टाकीत होतं तेवढं पाणी अंघोळीले, भांड्याले, चुलीवर गेलं. वरात आली, पहिली पंगत बसली आणि टाकीची तोटी फुस्स झाली. हातपंप होळीपासूनच मोडून पडलेला. पाव्हणे पाणी मागून राह्यले, वाढणारे एकमेकायच्या तोंडाकडे पाहून राह्यले, आणि जंगू मंडपामागं फोनवर टँकरवाल्याले हात जोडून राह्यला. आतमधी दुर्गा हळद लागलेल्या तोंडानं रडकुंडीले आलेली. नवरदेवाकडले म्हातारे कुजबुजाले लागले होते, यायच्या घरी पाणी नाई.

मले राहवलं नाई. "जंगूभाऊ," मी म्हटलं, "कुंपणापलीकडे तुह्या बहिणीच्या अंगणात पाणी भरून आहे, आणि तू फोनले पाणी मागून राह्यला?"

त्यानं फोन खाली केला. "ते पाणी मी कसं आणू?"

"डोक्यावर. अजून कसं!"

तो गेला. मी मागंमागं गेली, मले पाहायचंच होतं. बायना चांगलं लुगडं नेसून दारात बसून होती. जंगूनं अंगणभर भरलेली भांडी पाहिली. सगळी काठोकाठ.

"हे कवा भरलं?"

"काल."

"काल तर टाकी भरून होती."

"हो."

"मंग काऊन भरलं?"

"दुर्गाचं लग्न होतं ना," बायना म्हणे.

जंगूनं मान खाली घातली. मंग हळूच म्हणे, "आण, बाई. पण कुठलं आहे ते कोणाले सांगू नको. चैतूकाका पंगतीत आहे." बायनानं चुंबळ उचलली. मले मात्र वाटलं, याच्या पाठीत एक धपाटा घालावा. पाणी पायजे, बहीण नाई पायजे!

आम्ही मागच्या वाटेनं पाणी नेलं. बायना पदर खाली ओढून पंगतीत वाढाले लागली. चैतूभाऊनं मान वर न करता गिलास पुढं केला, एक घोट घेतला, थांबला, आणि सगळं पाणी एका दमात पिऊन गेला.

"अरे जंगू!" म्हातारा सगळ्या मंडपाले ऐकू जाईन असा बोलला. "हे कुठलं पाणी? लोक चांगलं पाणी पहिले पाजतात. सकाळपासून ते टाकीचं गरम पाणी पाजलं, आणि असं गोड पाणी आता काढलं?"

हेच तर मी दुकानात बसून तिले वाचून दाखवलं होतं! तिथं तो कारभारी नवरदेवाले असंच म्हणते. म्हाताऱ्याले बायबलातलं अक्षर माहीत नाई. मी बायनाकडे पाहिलं. तिनंही माह्याकडे पाहिलं. मंडपात आम्हा दोघींशिवाय कोणाले काही कळलं नाई.

त्या गोष्टीतला नवरदेव काय बोलला ते लिहिलेलं नाई. मले वाटलं, जंगूही गप्पच राहते. तो भाताचं टोपलं धरून उभा होता. त्यानं ते खाली ठेवलं.

"माह्या बहिणीनं भरलं," तो म्हणाला. "काल भरलं, काका, पाणी सरायच्या पहिले. आणि काठोकाठ भरलं होतं."

चैतूभाऊनं मान वर केली आणि पदराखालचं तोंड पाहिलं. मंग रिकामा गिलास पुन्हा पुढं केला.

"टाक ना पोरी," तो म्हणे. "उभी काऊन?"

बायनानं वाकून गुंडी अशी कलती केली का पाणी गिलासात, म्हाताऱ्याच्या पत्रावळीवर, त्याच्या धोतरावर, सगळीकडे गेलं. जन्मात कधी थेंब न सांडणारी बाई! कोणी हसलं, म्हातारा तर पहिले हसला. दुर्गा आतून धावत आली आणि हळदीच्या अंगानं आत्याले बिलगली.

मी गुंडी धराले पुढं झाली आणि तिच्या कानाशी म्हटलं, "कळलं का वो, त्यायनं काठोकाठ काऊन भरलं?"

तिनं ओल्या हातानं डोळे पुसले.

"सांडालेही पुरलं पायजे ना, ताई," ती म्हणे, आणि पुढच्या पाव्हण्याले पाणी वाढाले गेली.